वरच्या मजल्यावरील जुने न्हाणीघर : शॉवरची भिंत उकलावी, की जुन्या टाइलवरच नवी चढवावी?

तापीकाठ (जळगाव) – २२ नोव्हेंबर

नमस्कार. आमचे घर १९९४ साली बांधलेले, दुमजली आणि स्वतःचे आहे. वरच्या मजल्यावर पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब असे न्हाणीघर असून त्याच्या एका टोकाला शॉवर आहे. शॉवरमागच्या भिंतीला त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आठ बाय बारा इंचांच्या पांढऱ्या टाइल्स पाच फुटांपर्यंत लावलेल्या आहेत आणि त्यांच्या वर ऑइलपेंट आहे. गेल्या दोन वर्षांत नळाखालच्या सात-आठ टाइल्स फुगून बाहेर आल्या असून बोटाच्या पेराने वाजवल्या तर रिकाम्या माठासारखा आवाज येतो. त्याच भिंतीच्या पलीकडे सासूबाईंची खोली आहे. तिथे जमिनीपासून दोन फुटांपर्यंत लोणा लागला आहे आणि केरसुणी लागली तरी पांढरी पूड खाली पडते.

दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून सगळ्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून घेतले होते. चार महिने बरे गेले, नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता संपूर्ण न्हाणीघरच नवे करावे असे ठरले आहे. मनात दोन बाय चार फुटांच्या मोठ्या विट्रिफाइड टाइल्स, काचेचा आडोसा, भिंतीच्या आत बसवलेला गरम-थंड पाण्याचा मिक्सर आणि डोक्यावर पसरट शॉवर असे चित्र आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की, जुन्या टाइल्स तशाच ठेवून त्यांच्यावर चिकटद्रव्याने नव्या लावल्या तर काम तीन दिवसांत उरकते आणि घरात धूळही होत नाही. उलट आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणतो की विटेपर्यंत सगळे उकलल्याशिवाय तो हात लावणार नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या असून शॉवरच्या जागेला चार इंचांचा उंबरा आहे, त्याचाही विचार करायचा आहे. खर्चाची तयारी साधारण एक लाखाची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे) – २२ नोव्हेंबर

आमच्या सदनिकेत चार वर्षांपूर्वी जुन्या टाइल्सवरच नव्या लावल्या. आजवर एकही हललेली नाही. राडारोडा तीन मजले खाली उतरवण्याचा त्रास आणि खर्च दोन्ही वाचले. दुकानदार चुकीचे सांगत नाही, असा माझा अनुभव आहे.

ओळंबा (भुसावळ) – २३ नोव्हेंबर

पांझराकाठ यांच्या घरी ते काम टिकले, कारण त्यांच्या जुन्या टाइल्स भिंतीला घट्ट धरून असाव्यात आणि भिंत कोरडी असावी. या दोन अटी पाळल्या जात असतील तर टाइलवर टाइल ही पद्धत वाईट नाही. ताईंच्या घरी दोन्ही अटी मोडलेल्या आहेत. सुटू पाहणाऱ्या टाइलवर दुसरी टाइल चिकटवणे म्हणजे पडक्या भिंतीला खिळा ठोकून तिच्यावर भरलेली पिशवी टांगणे आहे.

मी बांधकामाच्या देखरेखीत तीस वर्षे काढली. माझ्या हाताखाली एक म्हातारे गवंडी होते. टाइलचा रंग कोणता घ्यावा असे कुणी विचारले की ते अहिराणीत एवढेच म्हणत, "पानी कथाईन येई ऱ्हायनं, ते पहिले देख." तेव्हा टाइल, काच आणि शॉवर हे सगळे बाजूला ठेवून आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. भिंतीतले पाणी नळीतून येते की सांध्यांतून?

ते ओळखण्याची रीत सोपी आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळीत चोवीस तास दाब असतो. त्यामुळे नळी फुटली असेल तर न्हाणीघर वापरा किंवा वापरू नका, ओल सारखीच वाढत राहते. सांधे गेले असतील तर कुणी आंघोळ केली तरच पाणी भिंतीत शिरते आणि वापर थांबला की डाग हळूहळू फिका पडतो. तळातून गळत असेल तर खालच्या मजल्याच्या छतावर खूण दिसते. आठ दिवस ते न्हाणीघर बंद ठेवता येईल का?

तापीकाठ (जळगाव) – २३ नोव्हेंबर

बंद ठेवण्याची गरजच उरली नाही, कारण दिवाळीत आम्ही सगळे नऊ दिवस नाशिकला होतो आणि परत आलो तेव्हा सासूबाईंच्या खोलीतला डाग कडेने आक्रसून निम्म्यावर आला होता. गच्चीवरची टाकी भरलेली होती आणि कोणताही व्हॉल्व्ह बंद केलेला नव्हता. खालच्या मजल्यावर दिरांचे घर आहे. त्यांच्या छतावर कोणतीही खूण नाही. याचा अर्थ पाणी सांध्यांतून जात होते असा घ्यावा का? पण सांधे तर दोन वर्षांपूर्वीच भरले होते. ते इतक्या लवकर कसे गेले?

ओळंबा (भुसावळ) – २३ नोव्हेंबर

सांध्यांतूनच जात होते. आता मला एवढे सांगा की तुमच्याकडे बोअरचे पाणी वापरता का, आणि टाइल्स कशाने धुता?

तापीकाठ (जळगाव) – २४ नोव्हेंबर

पिण्यासाठी पालिकेचे, म्हणजे वाघूर धरणाचे पाणी येते. इतर वापराला बोअरचे आहे. टाइल्सवर पांढरा थर चढतो, म्हणून महिन्यातून दोनदा ॲसिड टाकून घासण्याची पद्धत घरात पंचवीस वर्षांपासून आहे. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून बाटली घेतो.

ओळंबा (भुसावळ) – २४ नोव्हेंबर

मग तुमचे सांधे पाण्याने खाल्ले नाहीत, बाटलीने खाल्ले.

फरशी धुण्यासाठी विकले जाणारे ॲसिड हे बहुधा सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जड पाण्याचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आम्ल पडले की तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो. अडचण अशी की पांढरे सिमेंट, करडे सिमेंट आणि साधे ग्राउट (सांधे भरायचा माल) हेही चुन्याच्याच कुळातले आहेत. आम्लाला त्यांच्यातला आणि थरातला फरक कळत नाही. त्यामुळे घासताना जो फेस दिसतो, तो क्षाराचा असतो तितकाच तुमच्या सांध्याचाही असतो. टाइलच्या काचेसारख्या मुलाम्याला विशेष काही होत नाही, म्हणून वरून भिंत लखलखीत दिसते आणि आत पाण्याला दर महिन्याला थोडी मोठी वाट मिळत जाते. पांढरे सिमेंट चार महिन्यांत गेले यात मला नवल वाटत नाही. आठ वेळा ॲसिड पडले असेल.

म्हणून नवे काम करताना एक गोष्ट मनाशी पक्की करावी. टाइल पाणी अडवत नाही. टाइल ही भिंत धुता यावी म्हणून असते. पाणी अडवण्याचे काम तिच्या मागच्या थराचे असते, आणि १९९४ सालच्या बहुतेक घरांत भिंतीला तो थर दिलेलाच नसतो. मिस्त्री विटेपर्यंत उकलण्याचा आग्रह धरतो आहे तो रास्त आहे.

केळीपट्टा (चोपडा) – २५ नोव्हेंबर

ओळंबा यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. आमच्याकडेही बोअरच आहे. मागच्या वर्षी पाणी तपासून घेतले तेव्हा एकूण कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. त्या मानाने आमचे पाणी म्हणजे चुन्याची निवळीच. गीझरची कॉइल दोन वर्षांत मक्याच्या कणसासारखी झाली होती आणि शॉवरच्या छिद्रांपैकी निम्मी बुजली होती. ताईंनी काचेचा आडोसा करण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे, कारण अशा पाण्याचे थेंब काचेवर वाळले की ते डाग नंतर घासूनही पूर्ण निघत नाहीत. आमच्या काचेकडे पाहुणे आता खिडकीची दुधी काच समजून पाहतात.

नळजोड (अमळनेर) – २५ नोव्हेंबर

मी नळकामाचा व्यवसाय करतो. दोन गोष्टी कुणी बोलले नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट भिंतीच्या जाडीची. न्हाणीघर आणि सासूबाईंची खोली यांच्यामधली भिंत बहुधा अर्ध्या विटेची, म्हणजे प्लास्टर धरून पाच-साडेपाच इंचांची असेल. आत बसणाऱ्या मिक्सरच्या बॉडीला अडीच ते तीन इंच खोली लागते. एवढी खाच पाडली तर मागे विटेची नुसती पापडी उरते, आणि उद्या तो मिक्सर गळला तर दुरुस्तीला दोन्ही बाजूंनी भिंत फोडावी लागते. माझ्या मते बाहेरचा वॉल मिक्सर घ्यावा. त्याच्या गरम आणि थंड नळ्यांमधले अंतर सहा इंच ठरलेले असते, त्यामुळे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा आणला तरी भिंतीला हात न लावता बसतो.

दुसरी गोष्ट पसरट शॉवरची. दहा मीटर उंचीवरून पाणी उतरले तर एक बार दाब मिळतो. तुमचे न्हाणीघर वरच्याच मजल्यावर आहे. टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून दोन-अडीच मीटरच वर असेल, म्हणजे पाव बारही दाब मिळायचा नाही. दहा इंची पसरट शॉवरमधून अशा दाबाला पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात. प्रेशर पंप बसवायचा नसेल तर चार-पाच इंचांचा शॉवर आणि सोबत हाताचा शॉवर घ्यावा. बसून आंघोळ करणाऱ्या आजींना हाताचाच जास्त उपयोगी पडेल.

जुन्या लोखंडी नळ्या असतील तर त्या याच वेळी काढाव्यात. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारी प्लास्टिकची नळी, वापरावी. सौर बंब असेल तर ती हवीच, कारण आपल्या उन्हाळ्यात बंबातले पाणी हाताला सोसवत नाही आणि साधी पीव्हीसी अशा उष्णतेला मऊ पडते. पाइप या बाबतीत जळगावकरांना दूर जावे लागत नाही, हे सांगायला नकोच. प्लास्टर करण्यापूर्वी पंप लावून दहा किलोच्या दाबाने नळ्या तपासून घ्या आणि काटा किमान तासभर जागचा हलत नाही ना, ते स्वतः उभे राहून पाहा.

शिरपूरची माती (शिरपूर) – २६ नोव्हेंबर

भिंत उकलावी हे मान्य आहे. परंतु काही मिस्त्री त्याच झपाट्यात खालचा सनकनही (न्हाणीघराच्या फरशीखालचा, स्लॅब खाली घेऊन भरलेला खोलगट भाग) फोडायला निघतात, ते मला पटत नाही. पाच बाय आठच्या जागेत एक फूट खोल सनकन असेल तर तो भराव चाळीस घनफुटांचा, म्हणजे सव्वा घनमीटरला थोडा कमी असतो. वीटतुकड्यांच्या कोब्याचे वजन धरले तर तो दोन टनांच्या आसपास जातो. ते सगळे घमेल्याने जिन्यावरून उतरवायचे आणि तितकेच पुन्हा चढवायचे, हा खर्च गरज असेल तरच करावा. खालच्या छतावर खूण नाही, म्हणजे तळ अजून धड आहे.

ओळंबा (भुसावळ) – २६ नोव्हेंबर

तत्त्वतः सहमत आहे. मात्र खूण नाही एवढ्यावर मी विसंबणार नाही. सनकनमध्ये पाणी वर्षानुवर्षे साचून राहते आणि स्लॅब शाबूत असेल तर ते खाली न दिसता भिंतींच्या पायथ्याने चढते. सासूबाईंच्या खोलीतला लोणा बरोबर दोन फुटांपर्यंतच आहे, ही गोष्ट मला खटकते. वरची फरशी काढल्यावर एका कोपऱ्यात हातभर खड्डा करून भराव ओला आहे की कोरडा ते पाहावे. कोरडा असेल तर तसाच ठेवून वरून थर द्यावा. ओला असेल तर दोन टन उतरवण्याला पर्याय नाही, आणि मग नव्या सनकनच्या तळाला बाहेर निघणारी एक बारीक नळी अवश्य ठेवावी, म्हणजे पुढे कधी पाणी साचले तर ते बाहेरच्या भिंतीवर ठिबकून आपणहून कळेल.

तापीकाठ (जळगाव) – १० डिसेंबर

सर्वांचे आभार. मिस्त्रींच्याच म्हणण्याप्रमाणे काम सुरू केले. तीन दिवस उकल चालली आणि जे दिसले ते लिहिते.

फुगलेल्या टाइल्स छिन्नी लावताच अख्ख्या निघाल्या. प्रत्येकीच्या मागे सिमेंटचे पाच लाडू होते, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. बाकीची जागा पोकळ. एका टाइलच्या पोकळीतून पाणी दुसरीच्या पोकळीत जाईल अशी जणू पन्हाळच तयार झाली होती. लाडवांच्या कडांना पांढऱ्या क्षाराची झालर होती, ती नखाने उचलली तर पापडीसारखी मोडत होती. सर्वांत नवल नळापाशी दिसले. नळाच्या गोल चकतीमागे टाइलला मुठीएवढे भगदाड होते. १९९४ साली नळी बाहेर काढण्यासाठी टाइल हातोडीने फोडली असावी आणि वर चकती बसवून ते झाकून टाकले असावे. म्हणजे तीस वर्षे शॉवरचे पाणी चकतीच्या कडेने थेट विटेत जात होते, आणि आम्ही मात्र सांध्यांवर राग काढत होतो. लोखंडी नळीचा दोन फुटांचा तुकडा कापून पाहिला. अर्ध्या इंचाच्या नळीत पेन्सिल जाईल एवढीच वाट शिल्लक होती.

कोपऱ्यात खड्डा केला. वरचा चार इंचांचा भाग ओलसर, त्याखाली कोरडा. सनकन फोडलेला नाही.

ओळंबा (भुसावळ) – १० डिसेंबर

फार चांगले. आता घाई करू नका. विटा आठ-दहा दिवस उघड्या ठेवून पंख्याने वाळू द्या, सांध्यांतला भुसभुशीत माल तारेच्या ब्रशने काढा आणि मगच प्लास्टर करा. नदीची वाळू असेल तर चाळून घ्या. प्लास्टर ओळंब्यात आणि काटकोनात आले पाहिजे, कारण चिकटद्रव्याचा थर तीन-चार मिलिमीटरचाच असतो आणि भिंतीचा बाक त्यात लपत नाही. याच कारणासाठी दोन बाय चार फुटांच्या टाइलचा हट्ट सोडावा असे मी सुचवेन. पाच फुटांच्या जागेत ती बसवताना कापणीच जास्त होईल, आणि जुन्या भिंतीत तिची कड वर-खाली दिसेल. बारा बाय अठरा इंचांची भिंतीची टाइल पुरेशी आहे.

प्लास्टरला सात दिवस पाणी मारा. तुम्ही हे काम डिसेंबरात काढले हे उत्तम झाले. मे महिन्यात ४४-४५ अंशांत तेच प्लास्टर संध्याकाळपर्यंत पापड होते आणि पाणी मारायला पाणीही नसते. नंतर सिमेंट आणि ॲक्रिलिकचा जलरोधक थर दोनदा द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे आधी सिमेंटचा गोलवा करून त्यात जाळीची पट्टी दाबा. शॉवरच्या बाजूला थर सात फुटांपर्यंत न्यावा, इतर भिंतींना दोन-तीन फूट पुरे. नळ्यांच्या तोंडांभोवती आणि ट्रॅपच्या (सांडपाणी जाण्याच्या भांड्याच्या) गळ्याभोवती ब्रश दोनदा फिरवावा. त्यानंतर ट्रॅप बंद करून तीन इंच पाणी भरावे आणि तीन दिवस तसेच ठेवावे.

तापीकाठ (जळगाव) – ४ जानेवारी

पहिली चाचणी फसली. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. चोवीस तासांत पाणी अर्धा इंच खाली गेले. मिस्त्रींचे म्हणणे होते की पाणी हवेत उडाले. दिरांनी शंका फेडण्यासाठी शेजारी एका पसरट घमेल्यात पाणी भरून त्यालाही रेघ मारली. दुसऱ्या दिवशी घमेल्यातले पाणी रेघेच्या केसभर खाली होते आणि जमिनीवरचे आणखी अर्धा इंच. मग पाणी उपसून शोधले, तर ट्रॅपचा गळा आणि कोबा यांच्यामध्ये सुई जाईल एवढी फट सापडली. तेवढा भाग खरवडून न आकसणाऱ्या ग्राउटने भरला, जाळी दाबली आणि पुन्हा दोन हात दिले. दुसऱ्या चाचणीत तीन दिवसांनी जमीन आणि घमेले दोन्ही सारखेच उतरलेले होते.

आता टाइल्सवरून वाद आहे. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे सगळ्या टाइल्स टाकीत भिजत घातल्या. चिकटद्रव्याच्या पिशवीवर तर टाइल भिजवू नये असे छापले आहे. कुणाचे ऐकावे?

ओळंबा (भुसावळ) – ४ जानेवारी

पिशवीचे ऐकावे. मिस्त्रींची सवय चुकीची नाही, ती दुसऱ्या मालाची आहे. भिंतीच्या सिरॅमिक टाइलची पाठ आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते. साध्या सिमेंटवर ती कोरडी लावली तर ती सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि सिमेंट पकड घेण्यापूर्वीच कोरडे पडते. म्हणून भिजवत असत. चिकटद्रव्यात पाणी धरून ठेवणारी द्रव्ये आधीच असतात. तिथे ओली टाइल उलट सुटते. भिजलेल्या टाइल्स उन्हात उभ्या करून दोन दिवस पूर्ण वाळवा. जमिनीची टाइल विट्रिफाइड असेल तर ती पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती धरत नाही. तिथे चिकटद्रव्य हवेच, आणि पिशवीवर आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा किमान प्रकार २ लिहिलेला पाहून घ्यावा.

लाडू पुन्हा घालू देऊ नका. खाचांच्या थापीने थर पसरवून टाइल दाबावी आणि दर दहा-पंधरा टाइल्समागे एखादी लगेच उचलून पाहावी. पाठ सगळीकडे माखलेली दिसली तरच पुढे जावे. नळ्यांसाठी टाइलला गोल कटरनेच भोक पाडावे, हे आता तुम्हाला मी सांगायला नको.

केळीपट्टा (चोपडा) – ५ जानेवारी

टाइल्स किती घेतल्या? आमच्या वेळी चार पेट्या कमी पडल्या आणि नंतर आणलेल्यांचा रंग जुळला नाही. आजही ती भिंत दोन रंगांत उभी आहे.

तापीकाठ (जळगाव) – ५ जानेवारी

चारही भिंतींना सात फुटांपर्यंत लावायच्या होत्या. परीघ २६ फूट, म्हणजे १८२ चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकी वजा करून १६० उरले आणि तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवून १७६ धरले. एका पेटीत सहा टाइल्स, म्हणजे पावणेनऊ चौरस फुटांना थोडे कमी. त्यामुळे २१ पेट्या घेतल्या. माल मोरबीहून आलेला आहे. प्रत्येक पेटीवरचा शेडचा आणि बॅचचा क्रमांक दुकानातच जुळवून पाहिला, तेव्हा तीन पेट्या वेगळ्या निघाल्या आणि त्या बदलून घेतल्या.

नळजोड (अमळनेर) – ६ जानेवारी

सांध्यांना काय भरणार आहात? ॲसिडची सवय सुटणार नसेल तर इपॉक्सी ग्राउटशिवाय काही उपयोग नाही, त्याला आम्ल खात नाही.

तापीकाठ (जळगाव) – २१ जानेवारी

इपॉक्सीच भरले. दोन द्रव आणि एक पूड एकत्र कालवायची असते आणि कालवल्यावर हाताशी जेमतेम पाऊण तास असतो, म्हणून मिस्त्री एका वेळी वाटीभरच करत होते. एका भिंतीवर पुसायला उशीर झाला, तर टाइल्सवर धुरकट पडदा राहिला आणि तो काढण्यात दोन माणसांचा अख्खा दिवस गेला. कोपऱ्यांतल्या उभ्या सांध्यांत मात्र इपॉक्सीऐवजी सिलिकॉन भरले, कारण दोन भिंती थोड्या हलतात आणि कडक माल तिथे चिरतो, असे सांगण्यात आले.

उंबरा काढून टाकला. त्याऐवजी शॉवरच्या भागाला फुटाला पाव इंच असा उतार दिला आणि जमिनीला खरबरीत, एक फुटी विट्रिफाइड टाइल घेतली. सासूबाईंसाठी आधाराची दांडी बाहेरच्या नऊ इंची भिंतीला लावली, मधल्या भिंतीला नाही. तिच्या भोकांत आधी सिलिकॉन भरून मग बोल्ट आवळले. मिक्सर बाहेरचा, शॉवर पाच इंची आणि सोबत हाताचा. काचेचा विचार केळीपट्टा यांचा प्रतिसाद वाचून सोडला. तिथे पडदा आहे. एकूण खर्च १ लाख १२ हजार झाला. त्यातला सर्वांत मोठा भाग मजुरी आणि राडारोड्याच्या ट्रॅक्टरचा, टाइल्सचा नव्हे.

पांझराकाठ (धुळे) – २२ जानेवारी

हा सगळा धागा वाचल्यावर काल आमच्या टाइल्स नाण्याने वाजवून पाहिल्या. नळाशेजारच्या दोन पोकळ वाजल्या. माझे पहिले मत मागे घेतो. पुढे काय करावे?

ओळंबा (भुसावळ) – २२ जानेवारी

दोनच असतील तर घाबरू नका. नळाची चकती काढून मागे काय आहे ते पाहा आणि तिथली फट सिलिकॉनने बंद करा. सहा महिन्यांनी पुन्हा वाजवा. संख्या वाढली तर नवा धागा काढा.

केळीपट्टा (चोपडा) – १८ मार्च

ताई, सासूबाईंच्या खोलीतली भिंत आता कशी आहे? रंग दिला का?

तापीकाठ (जळगाव) – १९ मार्च

अजून दिलेला नाही. ओळंबा यांनी फोनवर सुचवल्याप्रमाणे लोणा लागलेले प्लास्टर तीन फुटांपर्यंत खरवडून विटा उघड्या ठेवल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी विटांवर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवते. जानेवारीत सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव धरलेले असे, फेब्रुवारीत पुसट ओल होती आणि परवा ते पूर्ण कोरडे निघाले. विटांवर अजून थोडी पांढरी पूड येते. ती पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडते, कारण धुतली तर क्षार पुन्हा आत जातो. उन्हाळाभर तशीच ठेवून रंगाऱ्याला पावसाळ्यानंतर बोलावणार आहे.

ॲसिडची बाटली घरातून गेली. शॉवरशेजारी खुंटीला हातभर लांबीचा रबरी वायपर टांगला आहे आणि आंघोळ झाली की प्रत्येकाने भिंत निपटून बाहेर यायचे असा सासूबाईंचा दंडक आहे. त्या स्वतः स्टुलावर बसून हात पोचेल तिथपर्यंत निपटतात, आणि वरची राहिलेली पट्टी कुणाची ते बरोबर ओळखतात.